काळ्याला ठेका नसतो

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या कापडाच्या दुकानात पिवळ्या रंगावरून भांडत होते. वहिनीने मला कातरण आणायला पाठवलं होतं. कातरण म्हणजे शिवणकामात उरलेले कापडाचे तुकडे. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या खेळासाठी ते कित्येक वर्षं त्याच दुकानातून येत. "पिवळा हळदीचा आणा, वन्सं. लिंबाचा नको, तो मुलांना हिरव्यात जातो," असं निघताना तिने बजावलं होतं, आणि तो सिंधी दुकानदार नेमका लिंबाचाच तुकडा माझ्या गळ्यात मारायला बघत होता. तेवढ्यात माझ्या भाच्याचा, म्हणजे वहिनीच्या मुलाचा फोन. "आत्या, आई गेली." दुपारचं जेवण झाल्यावर जरा पडते म्हणाली होती, ती उठलीच नाही. मी फोन पिशवीत टाकला आणि दुकानदाराला म्हटलं, हळदीचाच द्या. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण त्याने मुकाट्याने आतून दुसरा गठ्ठा काढला. कारण कळलं तेव्हा गल्ला सोडून रस्त्यावर आला आणि रिक्षा थांबवून दिली. त्याची मुलगी लहानपणी वहिनीच्याच बालवाडीत होती. "दीदी, मेरी बच्ची ने रंग उन्हीं से सीखे," एवढंच म्हणाला. मग बदलापूर येईपर्यंत मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले.

गेलेल्या माणसावर लिहिताना मन निवळलेलं असावं म्हणतात. माझं निवळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा राग लोणच्यासारखा आहे, दिवस जातील तसा मुरतो. हा लेख वहिनीवर आहे, पण तो लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक गृहस्थ आहेत. त्यांचं नाव लिहायचं नाही, अशी संपादकांनी मला अट घातली आहे. मी ती पाळणार आहे. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, मीही तेच म्हणते. कुळगावात, म्हणजे आमच्या बदलापुरात, ज्याला कळायचं त्याला कळेल.

सुलभा वहिनी आमच्या घरात आली ती बदलापूरच्या पलीकडच्या एका आगरी गावातून. तिची आई लग्नात धवले गायची, हळदीच्या गाण्यांना तिच्याशिवाय गावाचं पान हलत नसे. काका भजनात ढोलकी वाजवायचे. त्यांच्या मांडीशी बसून ही पोरगी ढोलकी शिकली, आणि सासरी येताना ट्रंकेच्या वर ढोलकी ठेवूनच आली. आमच्या आईने कपाळाला हात लावला. दादा मात्र खूश होता. अंबरनाथच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की म्हणायचा, वाजव जरा, कानातली मशीन जाऊ दे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे नणंद म्हणून कायमची त्यांच्याच घरात. नणंद-भावजयीचं कसं असतं हे जगाला ठाऊक आहे. आमचंही पहिली काही वर्षं तसंच होतं. ती सगळं विसरायची आणि मी काहीच विसरायची नाही. भांडण झालं की सकाळी ती चहा घेऊन हजर, आणि मी आदल्या दिवशीचा मुद्दा धरून बसलेली. पुढे पुढे आमची वाटणीच ठरून गेली. तिच्या वाटचे राग मी धरायचे.

दादा अकाली गेला आणि वहिनी कॅम्प एकमधल्या एका बालवाडीत लागली. गल्लीतल्या एका हॉलमध्ये ती बालवाडी भरायची, वर साड्यांना पिको करण्याची मशीनं धडधडत असायची. मराठी, सिंधी, उत्तरेकडची, सगळ्या घरांतली मुलं. पहिल्याच आठवड्यात तिने हिरवं पान दाखवून हा कोणता रंग असं विचारलं. एकाने हिरवा म्हटलं, दुसऱ्याने हरा, आणि एका सिंधी आजीकडे वाढलेला मुलगा 'सावो' म्हणाला. बाकीची मुलं त्याला हसली. सावो म्हणजे सिंधीत हिरवाच, पण हे वहिनीला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनेही सवयीने "सावो नाही रे, हिरवा" म्हटलं. तो मुलगा जो गप्प झाला तो तीन-चार दिवस तोंड उघडेना. शेवटी त्याच्या आजीने येऊन सांगितलं की आमच्याकडे हिरव्याला सावोच म्हणतात. घरी आल्यावर वहिनी स्वतःवरच चिडली होती. चिडली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. त्याने रंग तर बरोबर ओळखला होता, मग चुकला कुठे, असं ती भांडी घासता घासता पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ती ढोलकी घेऊन गेली. त्या दिवसापासून तिने रंगाचं नाव आधी सांगणं बंद केलं. प्रत्येक रंगाला एक ठेका दिला. लाल म्हणजे दोन जड थापा, पाय आपटत चालायचं. पिवळा म्हणजे नुसत्या बोटांची टकटक, चवड्यांवर चालायचं. हिरव्याला सावकाश झुलता ठेका. आणि निळ्याला ती डाव्या हाताने असा लांब घुमारा काढायची की मुलं हात पसरून पोहत सुटायची. जमिनीवर कातरण पसरलेलं. ठेका बदलला की मुलांनी त्या रंगाचा तुकडा उचलून त्या रंगासारखं चालायचं. नाव सगळ्यात शेवटी यायचं, ज्याचं जे घरचं असेल ते. आणि वहिनी ती सगळी नावं एकापाठोपाठ एक म्हणून दाखवायची. हिरवा, हरा, सावो. तो सिंधी मुलगा तेव्हा असा काही ओरडून 'सावो' म्हणायचा की वरची पिकोवाली बाई खाली वाकून बघायची. मला स्वतःला तालाचा गंध नाही. तरी मला सुट्टी असली की मी तिथे जाऊन बसायची, कारण एवढ्याशा मुलांना आपण बरोबर आहोत याचा झालेला आनंद बघायला मिळायचा.

त्याच बालवाडीत रेश्मा होती. तिची आई घरी जीन्सचे धागे कापायची, आणि मुलगी आईसारखीच काळी, तुकतुकीत. गोल करून हात धरायची वेळ आली की शेजारची मुलं हात मागे घ्यायची. हिचा रंग आपल्या हाताला लागेल, असं एकाने तिच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर रेश्मा कुठलाही ठेका वाजला तरी पांढराच तुकडा उचलायला लागली आणि तो डोक्यावरून ओढून घ्यायची. वहिनी त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही... सकाळी तिने कपाट उघडून संक्रांतीला नेसायची काळी चंद्रकळा काढली. मी म्हटलं, अगं, दादाने आणलेली आहे ती. म्हणाली, म्हणूनच नेते.

त्या दिवशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लाल झाला, पिवळा झाला, निळा झाला, मुलं धापा टाकायला लागली, आणि वहिनीने ढोलकीच्या पानावर, त्या ताणलेल्या कातड्यावर, तळहात ठेवला. एकदम शांत. मग हळूच म्हणाली, "हा काळा. याला ठेका नाही. सगळे रंग दमले की इथे येतात." आणि तिने चंद्रकळा मुलांवर तंबूसारखी धरली. काळ्याचा नियम एकच होता. बोलायचं नाही आणि जो जवळ असेल त्याला बिलगायचं. साडीच्या आत नुसते श्वास ऐकू येत होते. मग रोजच खेळ असा संपायला लागला. साडी जुनी झाली, फाटली, तेव्हा काळा कुठेही शोधायचा असं ठरलं. कुणाची छत्री, कुणाच्या आईचा बुरखा, काळी ओढणी. ढोलकी थांबली की जे काळं कापड दिसेल तिथे धावायचं आणि गप्प बिलगायचं. रेश्माचा हात धरायला सगळी मुलं लगेच धावली असं काही झालं नाही, उगाच खोटं कशाला लिहू. पण ती पांढऱ्यातून बाहेर आली. सगळे रंग उचलायला लागली. ती आता मोठ्या शाळेत आहे आणि वहिनीच्या तेराव्याला येऊन माझ्याशेजारी पुऱ्या लाटत होती.

आता सर. बदलापुरात त्यांची लहान मुलांची इंग्रजी शाळा होती. कुणाकडून तरी ऐकून ते कॅम्प एकला आले, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि अर्धा दिवस मोबाईलवर चित्रण करत राहिले. जाताना वाकून नमस्कार केला. पुढे ती बालवाडी बंद पडली तेव्हा त्यांनीच वहिनीला सन्मानाने बोलावलं, हेही खरं. पहिलं वर्ष सगळं गोड होतं. मग एका पालकांच्या घरात मुलं दुपारी काळी शाल ओढून गप्प बसलेली आजीला दिसली आणि तिला अपशकुन वाटला. तक्रार आली. सरांनी वहिनीला बोलावून घेतलं. बाकी सगळं फर्स्ट क्लास आहे टीचर, फक्त तेवढा ब्लॅक काढून टाका, पेरेंट्सना नाही आवडत, असं त्यांचं म्हणणं. वहिनीने मंगळसूत्रातले मणी सांगितले, बाळाच्या गालावरची तीट सांगितली, संक्रांत सांगितली. सर हसत राहिले. शेवटी तिने विचारलं, "सर, काळा काढला तर ढोलकी थांबणार कधी?"

 काही दिवसांनी टीचरकडे ट्रेनिंगचा कागद नाही, असं सरांच्या ध्यानात आलं. तो आधीही नव्हता. वहिनी घरी बसली आणि वर्षाच्या आत सोनिवलीला त्यांची नवी शाखा उघडली. दारावर मोठा फलक, 'आमच्या संस्थेने विकसित केलेली रंगताल पद्धत'. वहिनीचेच ठेके कीबोर्डवर वाजवून घेतलेले, वर्गावर्गात स्पीकर लावलेले. लाल, पिवळा, हिरवा, निळा, आणि पुन्हा लाल. काळा गायब. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण पीठ दळणारीला दाराबाहेर काढून ओढणारा हा पहिलाच. मी तो फलक बघून आले आणि घरी येऊन आदळआपट केली. वहिनी मटार सोलत होती. मी म्हटलं, तू काही बोलणार आहेस की नाही? तेव्हा ती माहेरच्या बोलीत बोलली, म्हणजे तिलाही लागलं होतं. "ते ठेके काय माज्या बापाचे हायेत, वन्सं? हलदीला वाजतान, भजनाला वाजतान. नेले तं नेले. पन काला टाकला, ता काय बरा नाय केला."

तेवढंच. पुन्हा त्या विषयावर तिने तोंड उघडलं नाही. मी मात्र व्रत घेतल्यासारखा तो राग पाळला. सर भाजी बाजारात दिसले आणि त्यांनी हात जोडले, तर मी त्यांच्याकडे पाठ करून कोथिंबिरीचा भाव विचारायची. ओळखीच्या प्रत्येक आईला गाठून ती पद्धत कुणाची ते सांगायची. काही जणी ऐकून घ्यायच्या आणि मुलाला तिथेच घालायच्या, कारण तिथे युनिफॉर्म चांगला होता. वहिनीने दरम्यान कुळगावच्या आमच्या घरातली बाहेरची खोली रिकामी केली. दुपारी आसपासची मुलं यायला लागली, आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली. थांबायलाही लागली. ती खोली शांत झाली की मी आत स्वयंपाकघरात असले तरी हातातलं काम थांबवायची. ते काही तिने मला सांगितलेलं नव्हतं.

ती गेल्यावर शोकसभा घ्यायची हौस कुणाला आली असेल? सरांना. सोनिवलीच्या नव्या हॉलमध्ये. ते स्वतः घरी येऊन भाच्याशी बोलले आणि ढोलकीही मागून घेऊन गेले, फोटोशेजारी ठेवायला. मी भाच्याला फाडून खाल्लं. तो बिचारा म्हणाला, "आत्या, घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणू?" शेवटी मी जायचं ठरवलं ते एकाच विचाराने. मला बोलायला मिळणार होतं. काय बोलायचं ते मी आंघोळ करताना, पोळ्या लाटताना घोकलं. पहिल्या वाक्यातच फलकाचा उल्लेख होता. मी आयुष्यात एवढी तयारी कशाचीच केली नव्हती, आणि खरं सांगते, तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

हॉल भरला होता. आपल्याकडे अशा सभेला लोक पांढरं घालून येतात, त्यामुळे सगळीकडे पांढरंच पांढरं. आमच्या बाहेरच्या खोलीतली मुलं आयांबरोबर आली होती, त्यांनाही पांढरे सदरे आणि फ्रॉक. सर मात्र कुठल्याशा समारंभाहून थेट आले होते, अंगात काळा कोट. त्यांनी भाषण केलं. सुलभा टीचर आमच्या संस्थेच्या परिवारातल्या होत्या, संस्थेची रंगताल पद्धत राबवण्यात त्यांचा खारीचा वाटा होता... खारीचा.  मग त्यांच्या एका तरुण शिक्षिकेने आदरांजली म्हणून वहिनीच्या ढोलकीवर ठेके वाजवले. पोरगी वाईट वाजवत नव्हती. लाल, पिवळा, हिरवा, निळा. आमची मुलं खुर्च्यांवर चुळबुळायला लागली, एकदोघं उतरून चवड्यांवर चाललीसुद्धा. आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या, असं सर म्हणाले, आणि त्या शिक्षिकेने ढोलकी घुमत राहू नये म्हणून तिच्या पानावर तळहात ठेवला.

हॉल शांत झाला. आमच्या मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. आसपास कुठेच काळं नव्हतं. आणि मग ती सगळी एकदम धावली, थेट व्यासपीठावर, आणि सरांना बिलगली. दोघं कोटाच्या आत शिरली. एकीने मागून मिठी मारली. आवाज नाही, हसणं नाही, सगळी गच्च चिकटून डोळे मिटून उभी. सरांना काही कळेना. कसं कळणार? काळा त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता, काढून टाकला होता. आधी ते दचकले, मग त्यांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि फोटोवाला पुढे आल्यावर रुमालही काढला. मुलांच्या आयांना मात्र सगळं कळलं होतं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, रडत होत्या की हसत होत्या देव जाणे. आणि मी... मला वहिनीचाही राग आला. ज्या माणसाला तिच्या नावाने शिव्या द्यायला मी आले होते, त्याला तिची मुलं बिलगून उभी होती.

दोन मिनिटं संपली तसे सर गहिवरून म्हणाले, बघा, हे आमच्या संस्थेचे संस्कार. चोर तो चोर, वर शिरजोर. मी उठले आणि माईकपाशी गेले. घोकलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं. मी एवढंच म्हणाले, "सर, मुलं तुम्हाला बिलगली नाहीत. ढोलकी थांबली, म्हणून ती काळा शोधत होती. या हॉलमध्ये तुमच्या कोटाशिवाय दुसरं काळं काही नाही." माईक कुणीतरी तोवर बंद केला होता. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. सरांना गेलं; त्यांचा हात एका मुलीच्या डोक्यावर होता, तो तिथेच राहिला आणि ते कोटाकडे बघायला लागले. मग कुणीतरी मला धरून खाली बसवलं. पुढच्या आठवड्यात एका स्थानिक पत्रात तो फोटो छापून आला, खाली ओळ होती, 'सरांच्या मायेची सावली'. त्यांच्या शाळेच्या दारावर आता तो मोठा करून लावला आहे.

हा लेख त्या फोटोसाठी आहे. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांनी पुन्हा जाऊन नीट बघावा. एकाही मुलाचं तोंड सरांकडे वर केलेलं नाही. सगळ्यांची तोंडं कापडात आहेत. रंग शिकवला तो सुलभा वहिनीने, आणि तोही तुम्ही फेकून दिलेला. तो फोटो दारावर आहे तोवर तिची सगळ्यात मोठी पाटी तुमच्याच भिंतीवर आहे, सर. काढून टाकायची असेल तर काढा. मला दोन्हींत आनंदच आहे.

ढोलकी मी त्याच दिवशी उचलून घरी आणली, कुणाला विचारलं नाही. बाहेरच्या खोलीला कुलूप लावावं असं भाच्याचं मत होतं. पण दुपारी मुलं येऊन दारात बसायला लागली आणि मला हाकलता येईना. आता खोली उघडते, कातरण पसरते. मला ठेका धरता येत नाही. लाल वाजवायला गेले तर पिवळ्यासारखं होतं आणि मुलं मला हसतात. सरांनी नेलेलं काहीच मला येत नाही. त्यांनी टाकलेलं तेवढं येतं. मग मी नाद सोडते आणि पानावर तळहात ठेवते. मुलं शोधतात. मी आता घरात काळंच नेसते. शेजारणी म्हणतात, दुखवट्यात हे काय. म्हणू देत. मुलं सगळी येऊन माझ्या पदरात शिरतात, कुणीतरी कमरेला घट्ट धरतं, आणि नियम मलाही लागू असल्यामुळे मी गप्प असते. दिवसभरात तेवढा वेळच माझ्या तोंडात सरांचं नाव नसतं. मुलं सुटली की पुन्हा सुरू करते.